एकाच केबलवर दोन मॉनिटर

हिशेबाच्या कामात एका पडद्यावर टॅली आणि दुसऱ्यावर बँकेचे विवरणपत्र, भाषांतराच्या कामात एका पडद्यावर मूळ मजकूर आणि दुसऱ्यावर अनुवाद, अशी दोन मॉनिटरची सोय आता मोठ्या कार्यालयांपुरती राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालय घरी आले आणि त्यापाठोपाठ अनेक घरांतील टेबलावर दुसरा मॉनिटरही आला. अडचण येते ती जोडणीची. बहुतेक लॅपटॉपना चित्र बाहेर नेणारे एक किंवा दोनच पोर्ट असतात. मग बाजारातून ‘वाय’ आकाराचा स्वस्त स्प्लिटर आणला जातो. दोन्ही मॉनिटर सुरू होतात, पण दोन्हींवर चित्र मात्र एकच दिसते. यात दोष मॉनिटरचा नसतो, स्प्लिटरचाही नसतो. एका केबलमधून दोन वेगवेगळी चित्रे नेता येतात. परंतु ती मुळात संगणकातूनच वेगवेगळी निघावी लागतात. खरेदीपूर्वी लक्षात घ्यायची मुख्य बाब हीच होय.

स्प्लिटर अपुरा का पडतो?

घरगुती दूरचित्रवाणीसाठी २००२ मध्ये तयार झालेल्या एचडीएमआय या मानकात एका जोडणीतून एकच चित्र जाते. स्प्लिटर त्या चित्राची नक्कल करून ती दोन ठिकाणी पाठवतो. दुकानात किंवा सभागृहात एकच दृश्य अनेक पडद्यांवर दाखवायचे असेल, तर ते योग्यच आहे. तथापि कामाची जागा वाढवण्यासाठी त्याचा उपयोग नाही. जुन्या व्हीजीए केबलच्या ‘वाय’ जोडाचीही हीच गत होती.

काही जुन्या कार्यालयीन संगणकांत मात्र अशाच दिसणाऱ्या दुहेरी केबलवर दोन निराळी चित्रे येत असत. ती डीएमएस-५९ या जोडाची करामत होती. त्याच्या ५९ पिनांमधून ग्राफिक्स कार्ड दोन स्वतंत्र संकेत पाठवत असे आणि केबल ते केवळ वेगळे करत असे. विभागणी कार्डातच झालेली होती.

एमएसटीची व्यवस्था

आज हे काम प्रामुख्याने डिस्प्लेपोर्ट करतो. व्हेसा या संस्थेने २००६ मध्ये आणलेल्या या मानकाच्या १.२ या आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये, मल्टि-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट अर्थात एमएसटी ही सोय आली. या मानकात चित्राची माहिती छोट्या पाकिटांच्या रूपाने जाते. एकाच रेल्वेगाडीला दोन गावांचे डबे जोडावेत आणि जंक्शनवर ते वेगळे करावेत, तशी ही योजना आहे.

जंक्शनचे काम दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात संगणकाची केबल पहिल्या मॉनिटरला आणि त्याच्यापासून निघालेली दुसरी केबल पुढच्या मॉनिटरला जाते. यालाच डेझी चेन म्हणतात. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला ‘डिस्प्लेपोर्ट आउट’ असणे आवश्यक आहे. त्या मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन एमएसटी सुरू करावे लागते. साखळीतील शेवटच्या मॉनिटरवर ते बंद ठेवावे. हा पर्याय न निवडल्यामुळेच अनेकदा दुसरा मॉनिटर कोरा राहतो.

दुसऱ्या प्रकारात एमएसटी हब वापरतात. अशा वेळी मॉनिटर साधे असले तरी चालतात आणि हबला योग्य पोर्ट असल्यास त्यांना एचडीएमआयनेही जोडता येते. मात्र हबची संगणकाकडील बाजू डिस्प्लेपोर्टला किंवा चित्र नेणाऱ्या यूएसबी-सी पोर्टलाच लागते. संगणकाच्या एचडीएमआय पोर्टवर एमएसटी चालत नाही.

क्षमतेचा हिशेब

केबल एकच असल्याने तिची क्षमता दोन्ही मॉनिटरना वाटून घ्यावी लागते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरला सुमारे ३.३ गिगाबिट, २५६० बाय १४४० ला सुमारे ५.८ गिगाबिट, तर ४के मॉनिटरला जवळपास १२.८ गिगाबिट प्रतिसेकंद एवढी वाट लागते. डिस्प्लेपोर्ट १.२ ची उपयुक्त क्षमता १७.२८ गिगाबिट आहे. म्हणजे पहिल्या दोन प्रकारांचे दोन-दोन मॉनिटर त्यावर आरामात चालतात. दोन ४के मॉनिटर मात्र बसत नाहीत. त्यांसाठी २५.९२ गिगाबिट क्षमतेची १.४ ही आवृत्ती किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

यूएसबी-सी आणि थंडरबोल्ट

लॅपटॉपधारकांचा संबंध बहुधा यूएसबी-सीशी येतो. पोर्टचा आकार सारखा असला तरी प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर जातेच असे नाही. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे किंवा विजेच्या बाणाचे चिन्ह आहे का, हे पाहावे. खात्री नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका तपासावी. मोबाइलसोबत येणारी चार्जिंगची केबल अनेकदा या कामी येत नाही, कारण चित्र नेणाऱ्या तारा तिच्यात नसतात.

आणखी एक मेख आहे. अनेक डॉक या पोर्टमधील निम्म्याच वाटा चित्राला देतात आणि उरलेल्या वेगवान यूएसबीसाठी राखतात. अशा वेळी १.२ ची क्षमता ८.६४ गिगाबिटवर येते. त्यात १९२० बाय १०८० चे दोन मॉनिटर मावतात, २५६० बाय १४४० चे दोन मावत नाहीत.

विजेच्या बाणाचे चिन्ह असलेला थंडरबोल्ट अधिक समर्थ आहे. २०१५ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ३ ची क्षमता ४० गिगाबिट आहे, तर २०२० च्या थंडरबोल्ट ४ मध्ये संगणकाने दोन ४के मॉनिटर चालवणे बंधनकारक केले आहे. योग्य डॉक असल्यास त्याच केबलमधून लॅपटॉप चार्जही होतो. मॉनिटरना वीज मात्र स्वतंत्रपणेच द्यावी लागते.

मॅकधारकांसाठी

अॅपलची मॅकओएस प्रणाली एमएसटीच्या साह्याने दोन निराळे पडदे देत नाही. विंडोजवर उत्तम चालणारा हब मॅकला जोडल्यास दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येते. तेथे थंडरबोल्ट डॉक हाच सरळ मार्ग आहे. त्यातही साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. २०२४ च्या एम३ मॅकबुक एअरला झाकण बंद असताना दोन मॉनिटर चालतात, तर २०२५ च्या एम४ मॅकबुक एअरला झाकण उघडे असतानाही चालतात.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी डिस्प्लेलिंक हे तंत्र वापरले जाते. त्यात चित्र आकुंचित करून साध्या यूएसबीवरून पाठवले जाते आणि डॉकमधील चिप ते पुन्हा उलगडते. त्यासाठी संगणकात ड्रायव्हर बसवावा लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. पत्रव्यवहार, हिशेब, लेखन यांसाठी ते पुरेसे आहे. वेगवान खेळ किंवा चित्रफितींचे संपादन यांसाठी नव्हे.

जोडणीचा क्रम

आधी पहिला मॉनिटर लावून चित्र येते का ते पाहावे, मग दुसरा जोडावा. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडावा; ‘डुप्लिकेट’ निवडलेले असेल तर व्यवस्था बरोबर असूनही दोन्हींवर एकच चित्र दिसेल. त्यानंतर ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये मॉनिटरचा डावा-उजवा क्रम टेबलावरील मांडणीप्रमाणे लावावा. दुसरा मॉनिटर कोराच राहिल्यास दोन्हींचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. त्याने चित्र आले, तर अडचण क्षमतेची आहे असे समजावे.

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: लॅपटॉपचे नेमके मॉडेल, त्याच्या पोर्टचा प्रकार व आवृत्ती, दोन्ही मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि त्यांना असलेले पोर्ट. लॅपटॉपला यूएसबी-सीबरोबर वेगळा एचडीएमआय पोर्ट असेल, तर दोन साध्या केबलनीही काम भागते आणि डॉकचा खर्च वाचतो. एकाच केबलचा आग्रह तेव्हाच धरावा, जेव्हा लॅपटॉप रोज उचलून न्यायचा असतो किंवा दुसरा पोर्टच उपलब्ध नसतो.