वर्गणी कशावर लावावी? खानदेशची साक्ष

टिपणे, उतारे, संदर्भ, घराण्याच्या नोंदी, गावाची माहिती हे सारे एकमेकांना जोडून ठेवणारी स्वतःची विकी आज अनेक अभ्यासकांनी उभी केली आहे. ती ठेवायला जागा देणाऱ्या सेवा बहुधा आधी फुकट असतात आणि काही काळाने दरपत्रक काढतात: साधे खाते बिनपैशाचे, मधल्याला थोडे, वरच्याला जास्त. दरपत्रक निघाले की दोन तट पडतात. एकाच्या मते ज्ञानाला किंमत लावणेच गैर. दुसऱ्याच्या मते फुकटचे टिकत नाही, तेव्हा मुकाट्याने पैसे मोजावेत. दोघेही अर्धेच बोलतात, कारण पैसे नेमके कशाचे घ्यायचे हा मधला प्रश्न दोघेही सोडून देतात. महाराष्ट्राला हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडवावा लागला होता आणि त्याची चांगली साक्ष खानदेशात मिळते. धुळे आणि जळगाव ही काही राजधानीची गावे नव्हती. राजाश्रय नव्हता आणि विद्यापीठ यायला १९९० साल उजाडले. तरीही इथे ग्रंथ, कागदपत्रे आणि कविता राखणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास सांगतो की वर्गणीच्या पायऱ्या असण्यात दोष नाही. त्या कशावर उभारल्या यावर सगळे ठरते. दर सोयीवर बसवला, वाचन मोकळे ठेवले आणि देणाऱ्याला कारभारात मत दिले, तर संस्था संस्थापकाच्या मागेही जगते.

एका माणसाच्या टिपणांचे काय होते, याचे खानदेशातले सर्वांत मोठे उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि अखेरच्या काळात ते धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मागे उरले ते कागदपत्रांचे दप्तर आणि भाषेविषयीच्या टिपणांचा मोठा संग्रह. असा संग्रह वारसांच्या माळ्यावर जाणे, रद्दीत निघणे किंवा वाळवीच्या तोंडी पडणे ही आपल्याकडची नेहमीची गत. धुळ्यात तसे झाले नाही. जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे काही दिवसांतच, भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. मंडळाने संग्रह राखला, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले आणि राजवाड्यांच्या टिपणांमधून दोन मोठे कोश लोकांपुढे आणले: कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादित केलेला धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये. टिपणे करणारा गेल्यावर दहा आणि पंधरा वर्षांनी ही पुस्तके निघाली. राजवाडे अफाट बुद्धीचे होते, पण बुद्धी कागद राखत नाही. कागद राखायला कपाट लागते, कपाटाला इमारत, इमारतीला माणूस आणि माणसाला पगार. हा खर्च दरवर्षी उभा राहतो, म्हणून तो भागवणारा पैसाही दरवर्षी यावा लागतो. वर्गणीचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण जळगावचे आहे आणि तेही तितक्याच आदराने पाहायला हवे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालले. त्यांचेच ‘प्रबोधचंद्रिका’ हे साप्ताहिकही जळगावातून निघत असे. केशवसुतांपासून पुढच्या कवींच्या रचनांना या मासिकाने घर दिले. १९०७ मध्ये जळगावात भरलेल्या कविसंमेलनाच्या मागेही फडणीसच होते, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी तिथेच धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ म्हटले. नुसत्या कवितेचे मासिक जिल्ह्याच्या गावातून जवळपास पन्नास वर्षे निघावे, हा मराठी वाङ्मयातला मोठा पराक्रम आहे. पण ही सगळी इमारत एका माणसाच्या खांद्यावर होती. वर्गणीदार मासिक घेत, संस्था चालवत नसत. म्हणून फडणिसांचे काम थांबले तसे मासिकही थांबले. धुळ्याचे मंडळ आणि जळगावचे मासिक यांतला फरक निष्ठेचा नव्हता. एकीकडे पैसे देणारा सभासद होता, दुसरीकडे तो फक्त ग्राहक होता.

त्या काळची वर्गणी कशी गोळा होई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. नियतकालिकाच्या वेष्टनावर सहसा दोन दर छापलेले असत: अगाऊ भरणाऱ्याला कमी, मागाहून देणाऱ्याला जास्त, आणि टपालखर्च निराळा. अगाऊ दर देणारा माणूस संपादकाला कागद घ्यायला रोकड पुरवी. मागाहून देणारा संपादकाचे पैसे अडकवून ठेवी, म्हणून त्याला जास्त पडत. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही. पी., म्हणजे टपाल हाती देतानाच पैसे वसूल करण्याची सोय, सुरू केली आणि १८८० मध्ये मनिऑर्डर. त्यामुळे चोपडा-शहाद्याच्या वर्गणीदाराकडून पैसे आणणे सोपे झाले. तरी व्ही. पी. परत आली की जाण्याचा खर्च संपादकाच्याच माथी. नियतकालिकांच्या पानांतून वर्गणी पाठवण्याच्या विनवण्या पुन्हा पुन्हा येत, त्यामागे हे अर्थकारण होते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दर दोन होते, पण अंक एकच होता. कमी देणाऱ्याला कमी कविता मिळत नसत. दरातला फरक पैसा कधी हाती येतो यावर होता, आत काय वाचायला मिळते यावर नव्हता.

वाचनालयांनी हेच तत्त्व अधिक नेटके केले. जळगावचे आजचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ मधले. कापसाच्या व्यापाराने आणि रेल्वेने वाढत चाललेल्या गावात वकील, कारकून, शिक्षक आणि व्यापारी असा वर्ग तयार होत होता, आणि त्यांतूनच अशी वाचनालये गावोगाव निघाली. मराठी वाचनालयांची ठरलेली रीत अशी: वर्तमानपत्रे आणि नियतकालिके वाचायचा विभाग मुक्तद्वार, कोणीही यावे, बसावे, वाचावे. पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी. एका वेळी एक पुस्तक नेणाऱ्याचा वर्ग निराळा, दोन नेणाऱ्याचा निराळा. नवे मासिक घरी हवे असेल तर आणखी थोडे. वर अनामत, जी सभासदत्व सोडताना परत मिळते. देवघेवीच्या टेबलाशी नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक चढतो, तारखेचा शिक्का बसतो, उशीर झाला तर दंड. या सगळ्या व्यवस्थेत पैसे वाचनाचे घेतले जात नाहीत. पुस्तक माझ्या घरी असताना ते दुसऱ्या कोणाला मिळत नाही, त्या अडवणुकीचे आणि माझ्या सोयीचे ते पैसे असतात. म्हणूनच त्यात कोणाला अन्याय वाटला नाही. शिवाय वर्गणीदार सर्वसाधारण सभेत बसतो, कार्यकारी मंडळ निवडतो, अहवालातला जमाखर्च वाचून जाब विचारतो. आश्रयदाते, आजीव सभासद, वार्षिक सभासद अशा पायऱ्या अहवालात नावांसकट छापल्या जातात. कोणी किती भार उचलला हे सगळ्यांना कळते.

यावर पहिला आक्षेप असा की एखादा मोठा दाता मिळाला तर या पै-पैच्या उठाठेवीची गरज काय? खानदेशात असा दाता झालाही. अमळनेरला मिल काढणाऱ्या श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, शाळेला आधार दिला. त्याच गावच्या शाळेत साने गुरुजींनी शिकवले आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले. प्रताप शेठांचे ऋण खानदेश विसरू शकत नाही. पण दात्याच्या पैशाने संस्था उभी राहते आणि वर्गणीने ती रोज उघडते, ही दोन कामे वेगळी आहेत. देणगी दात्याच्या धंद्याशी बांधलेली असते. धंदा बसला तर तीही आटते. शंभर छोट्या वर्गणीदारांपैकी दहा गळाले तरी दार बंद होत नाही. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, १९०५ मध्ये डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला आणि रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवत १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिरापर्यंत काम नेले. चार दशकांहून जास्त चालणारे हे काम एकाच उदार क्षणावर तगले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ज्ञान राखणे हे सरकारचे काम, लोकांकडून वर्गणी कशाला? याचे उत्तर दोन कोशांची तुलना केली तर सापडते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळी लिमिटेड केली, भाग विकले, खंड निघण्याआधीच वर्गणीदार मिळवले, त्यासाठी महाराष्ट्र पालथा घातला आणि सुमारे बारा वर्षांत तेवीस खंड पुरे केले. मराठी विश्वकोश सरकारी पैशाने झाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जन्माने धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. १९६० मध्ये काम सुरू झाले, पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. विश्वकोशाची विद्वत्ता खोल आहे आणि आज तो संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतो, हे सरकारी पैशाचे मोठे पुण्य. पण पैसे आधी भरलेला वर्गणीदार संपादकाच्या दारात उभा असतो, तसा करदाता उभा नसतो. ग्रंथालयांचेही तेच. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या वाचनालयांना वर्गवारी आणि अनुदान मिळाले, पण मद्रासच्या १९४८ च्या कायद्यासारखा ग्रंथालय-कर इथे आला नाही. म्हणून अनुदान असूनही वाचनालयाला सभासदाची वर्गणी सोडता आली नाही. सरकारने हातभार लावावा, जरूर लावावा; पण संस्थेचा कणा तिच्या सभासदांचाच असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आणि खरा आहे. वर्गणीच्या या संस्था शहरी, शिकलेल्या, बहुतांशी वरच्या जातींच्या पुरुषांच्या होत्या. ‘काव्यरत्नावली’ जळगावातून निघत होती, त्याच काळात जवळच्या आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यावर आपली गाणी रचत होत्या. ती घरच्यांनी वहीत टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. म्हणजे मराठीतले एक थोर काव्य गावातल्या कवितेच्या मासिकाच्या कक्षेबाहेर, एका घरगुती वहीत राहिले. हा वर्गणीचा दोष म्हणावा का? मासिक फुकट असते तरी अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईपर्यंत ते गेले नसते. अडसर लिपीचा आणि समाजाच्या उतरंडीचा होता. पण यातून सूट मिळत नाही, उलट जबाबदारी वाढते. ज्या संस्थेचा खर्च वर्गणीदार भागवतात, ती त्यांच्याच आवडीनिवडीत अडकून पडण्याचा धोका कायम असतो. म्हणून तळाची पायरी खरोखर मोकळी हवी. वाचायलाच नव्हे, आपली वही आणून ठेवायलाही.

कोणी म्हणेल, पुस्तकाची प्रत एक असते आणि विकीचे पान हजारांनी एकाच वेळी वाचले तरी झिजत नाही. मग वाचनालयाचा दाखला लागू कसा? तो अधिकच लागू पडतो. वाचकागणिक खर्च जवळपास नसेल, तर वाचनावर दर बसवण्याचे उरलेसुरले कारणही जाते. खर्च राहतो तो राखण्याचा: साठवण, रोजची राखीव प्रत, बिघाड काढणारा माणूस. तेव्हा पायऱ्या तिथेच असाव्यात. मोठी साठवण, खासगी पाने, स्वतःच्या नावाचा पत्ता, अडचणीत तातडीची मदत, यांना दर लावावा. उघड पाने वाचणे, थोडी स्वतःची टिपणे ठेवणे आणि ती सगळी हवी तेव्हा उचलून नेणे यांना लावू नये. यातली शेवटची गोष्ट अनामतीसारखी आहे: सोडताना ज्याची त्याला परत. जी सेवा टिपणे आत घेताना हसते आणि बाहेर नेताना पैसे मागते, तिने वाचनालयाचा नव्हे, सावकाराचा मार्ग धरला आहे.

आणि दर आणताना जमाखर्च उघड करावा, वर्गणीदारांना निर्णयात मत द्यावे. खानदेशच्या अनुभवात ही गोष्ट सर्वांत मोलाची ठरली आणि आजच्या दरपत्रकांत तिचाच अभाव दिसतो. चालवणारा एकटा असेल आणि त्याला संस्था करणे जमत नसेल, तरी आपल्यामागे हा साठा कोणाकडे जाईल एवढे त्याने पैसे घेण्याआधी लिहून द्यावे. वर्गणी मागण्यात लाज नाही. राजवाड्यांची टिपणे कोश होऊन आपल्या हाती आली, कारण काही धुळेकरांनी ती राखण्याचा वर्षावर्षाचा भार स्वतःहून उचलला. आज अशा सेवेला पैसे देणाऱ्यानेही ग्राहक म्हणून तक्रार करण्यावर थांबू नये. सभासद म्हणून हिशेब मागावा आणि आपला वाटा वेळेवर, शक्यतो अगाऊ, भरावा.