एक पोते तांदूळ

दिवाळीचे पोहे घरी कांडायचे दिवस केव्हाच गेले. वाण्याकडून ते तयार येतात. तरी आमची आई ते सुपात घेऊन निवडायला बसतेच. यंदा ती अशीच बसली होती आणि मी तिला एक जपानी मालिका दाखवीत होतो. बोलणे जपानी, खालची अक्षरे इंग्रजी. तेव्हा मध्येमध्ये थांबून मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे होते.

मालिकेचे नाव ‘ओशिन’. लेखिका सुगाको हाशिदा. जपानच्या एन.एच.के. संस्थेने ती एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या वर्षात दाखविली. पंधरा-पंधरा मिनिटांचे एकंदर २९७ भाग. त्या देशात सरासरी ५२.६ टक्के घरांत ती पाहिली गेली आणि पुढे साठाहून अधिक देशांत पोचली. एका दरिद्री कुळाची मुलगी मोठी दुकानदारीण होते, एवढेच कथानक सांगितले तर वाचकांना ती परीकथा वाटेल. पण हाशिदाबाईंनी इतिहास सोडलेला नाही.

ओशिन १९०१ साली उत्तर जपानातील यामागाता प्रांतात जन्मलेली. तांदूळ पुरवठ्याला यावा म्हणून घरात मुळा चिरून भातात मिसळतात. म्हातारी आजी आपला घास कमी करते. शेवटी खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून सातव्या वर्षी या पोरीला एका लाकूडव्यापाऱ्याकडे मूल सांभाळायला ठेवतात. बोली एका वर्षाची. मोबदला तांदळाचे एक पोते, म्हणजे सुमारे ६० किलो. मोगामी नदीतून तराफ्यावर बसून ती निघते आणि आई काठाने तिच्यामागे धावते.

आमच्या आईने सूप खाली ठेवले.

“अरे, पण ही माणसं शेतकरीच ना? भात पिकवणाऱ्याच्या घरात भात नाही, असं कसं?”

मी म्हटले, “जमीन दुसऱ्याची. पिकाचा निम्म्याच्या आसपास वाटा मालकाच्या कोठारात जायचा.”

“म्हणजे खोताचंच देणं,” आई म्हणाली. “माझी आजी सांगायची. भात मापून द्यायचा खोताच्या अंगणात, आणि आपण नाचणी खायची.”

तिला आणखी समजावण्याची गरज उरली नाही. खोती रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९४९ सालचा. जपानात कुळांना जमिनी देणारा कायदा १९४६ साली, युद्धात पराभव झाल्यावर आला. ओशिनच्या आईबापांना त्याचा काय उपयोग?

खरे सांगायचे तर त्या रात्री मी मास्तर म्हणून थोडा ओशाळलो. १९०५ साली जपानने रशियाला हरविले आणि साऱ्या आशियाला हुरूप आला, हे मी वर्गात कितीदा रंगवून सांगितले आहे! मालिकेत त्याच युद्धातून पळालेला एक सैनिक डोंगरातल्या झोपडीत लपलेला असतो. चोरीचा खोटा आळ आल्यावर नोकरी सोडून बर्फात निघालेल्या ओशिनला तो वाचवितो आणि तिला अक्षरे शिकवितो. पुढे लष्कराच्या गोळीने तो मरतो. विजयाची ही बाजू माझ्या फळ्यावर कधी आलीच नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. ओशिनच्याच जन्मसाली, १९०१ मध्ये, तोक्योत स्त्रियांचे विद्यापीठ निघाले. त्याची माहितीपुस्तिका १९१५ साली अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती आली आणि १९१६ साली आपले महिला विद्यापीठ उभे राहिले. हा धडा मी मोठ्या अभिमानाने शिकवितो. पण त्याच जपानात एखादी सात वर्षांची पोर धन्याचे मूल पाठीशी बांधून राबत असेल, हे मनात आले नव्हते.

पुढे ओशिन वर येते. साकाता शहरात तांदळाच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे राहून ती हिशेब शिकते. तोक्योत केशरचनेचा धंदा करते. १९२३ च्या भूकंपात सारे गमावते, मासळी विकत दारोदार फिरते. युद्धात थोरला मुलगा जातो; पराभवानंतर नवरा आत्महत्या करतो. तिच्या दुकानांची संख्या सतरावर जाते. पण मालिका सुरू होते ती सतराव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी, आणि त्याच दिवशी ही म्हातारी कुणाला न सांगता घर सोडून यामागाताच्या डोंगरांकडे निघून गेलेली असते. एवढे मिळविताना आपल्या हातून काय सुटले, ते तिला शोधायचे असते. मुलाने धंदा इतका फुगविलेला असतो की शेवटी तो कर्जात बुडायची वेळ येते. तीही ती शांतपणे सोसते.

सुट्टीपूर्वी वर्गात १९०५ चा धडा पुन्हा निघाला. लढाई सांगून झाल्यावर मी ओशिनची बोली सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली.

“गुरुजी, ते पोतं घरच्यांना किती दिवस पुरलं असेल?”

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. घरात सात माणसे धरली, माणशी दिवसाला पाव किलो. भागाकार करता करता वर्ग गप्प झाला. पस्तीस दिवससुद्धा भरले नाहीत.