पडद्यावर न उमटलेली भाषा

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनिस की अमर कहानी’ या चित्रपटाचे नाव अनेकांनी ऐकलेले असते; तो पाहिलेले मात्र आज थोडेच आढळतात. चीनच्या रणभूमीवरील या कथेशी आपल्या नागपूरचेही नाते आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ साली राष्ट्रसभेने अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी या पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांतील डॉ. चोळकर नागपूरचे, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात स्वतः शांताराम कोटणीस झाले आणि जयश्री चिनी परिचारिका चिंग लान झाल्या. सोलापूरचे घर हिंदी बोलते, आणि चिंग लानही हिंदीच बोलते. चित्रपटाची एक इंग्रजी आवृत्तीही निघाली. या दोन्ही भाषा कथेतील माणसांच्या घरच्या नव्हेत!

यात दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशापुढे ही कथा मांडायची, तर ती बहुतांना कळेल अशाच भाषेत मांडणे भाग होते. चिनी माणसे हिंदी बोलू लागली, तेव्हा ती प्रेक्षकांना परकी उरली नाहीत.

परंतु त्या सुगमतेपायी एक मोठी तपश्चर्या झाकली गेली. कुठे दुखते, हे जखमी सैनिकाला त्याच्याच शब्दांत विचारावे लागते. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि तीतूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव ठेवले यिनह्वा: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस निवर्तले.

प्राण वेचणे हा त्याग डोळ्यांना दिसतो. शिकूनसवरून डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरे गिरवावीत, हा त्याग सहसा दिसत नाही. हा चित्रपट पाहताना त्या हिंदी संवादांमागची ही मूक मेहनत रसिकांनी ध्यानी घ्यावी.

चोळकर मायदेशी परतले. परतलेल्यांच्या वाट्याला अमर कहाणी येत नाही. पाचही डॉक्टरांनी चीनमध्ये धारण केलेल्या नावांच्या शेवटी मात्र तोच ‘ह्वा’ होता. नागपूरच्या या सुपुत्राच्याही नावात चीन कायमचा कोरला गेला आहे.