ब्रिटनमधील नागरिक व ग्राहक यांचे कायदेशीर हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

ब्रिटनला एका ग्रंथात संकलित केलेली लिखित राज्यघटना नाही. त्यामुळे तेथील सामान्य माणसाचे हक्क सनदा, संसदेचे कायदे आणि न्यायालयीन निर्णय यांत विखुरलेले आहेत. नागरिक म्हणून मिळालेले हक्क हा राज्यशास्त्राचा विषय आणि ग्राहक म्हणून मिळालेले हक्क हा वाणिज्याचा विषय, अशी विभागणी आपल्या अभ्यासक्रमांत रूढ आहे. मात्र इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास या दोन्ही हक्कांचा पाया एकच आहे आणि तो म्हणजे न्यायालयाचे दार सामान्य माणसासाठी खुले असणे. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन काही महत्त्वाच्या टप्प्यांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मॅग्ना कार्टा आणि वजनमापे :

इ. स. १२१५ मध्ये रनीमीड येथे जॉन राजाने मान्य केलेली मॅग्ना कार्टा ही सनद प्रामुख्याने सरदारवर्गाच्या हिताची होती. तिच्यातील बहुतेक तरतुदी 'स्वतंत्र' पुरुषांपुरत्या होत्या आणि भूदासांना त्यांचा फारसा लाभ नव्हता. तरीही तिची दोन कलमे पुढील शतकांत मार्गदर्शक ठरली. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करता येणार नाही, असे ३९ वे कलम सांगते. न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही व लांबविला जाणार नाही, असे वचन ४० वे कलम देते. याच सनदेच्या ३५ व्या कलमाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. मद्य, बिअर व धान्य यांसाठी राज्यभर एकच माप असावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजेच राजाच्या लहरीपासूनचे संरक्षण आणि खोट्या मापापासूनचे संरक्षण एकाच दस्तऐवजात आढळते. त्याच शतकात पाव व बिअर यांचे वजन, दर्जा व किंमत नियंत्रित करणारे नियमही अस्तित्वात आले. पुढे १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा व १६८९ चे बिल ऑफ राइट्स यांनी नागरी हक्कांची परंपरा दृढ केली.

'ग्राहकाने सावध राहावे' :

औद्योगिक क्रांतीनंतर उत्पादक व ग्राहक यांच्यातील अंतर वाढले. गावातील ओळखीच्या पाववाल्याची जागा दूरच्या कारखान्याने घेतली. कायदा मात्र 'ग्राहकाने सावध राहावे' या जुन्या तत्त्वालाच चिकटून राहिला. १८२० मध्ये फ्रेडरिक अकम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नभेसळीवरील ग्रंथात भेसळीचे प्रकार उघड केले. १८४४ मध्ये रॉचडेल येथील कामगारांनी स्वतःचे सहकारी दुकान सुरू केले. शुद्ध माल व पूर्ण माप हे या चळवळीचे ब्रीद होते. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे चुकून आर्सेनिक मिसळलेल्या मिठाईमुळे सुमारे २० जणांचा मृत्यू झाला व दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. त्यानंतर १८६० व १८७५ चे अन्नभेसळविरोधी कायदे झाले. जे विष डोळ्यांना दिसत नाही त्यापासून ग्राहकाने सावध कसे राहावे, या प्रश्नाला जुन्या तत्त्वाकडे उत्तर नव्हते.

१८९३ च्या माल विक्री कायद्याने विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट गृहीत धरली. परंतु करारात वेगळे कलम घालून विक्रेत्याला ही जबाबदारी टाळता येत असे. ही पळवाट ग्राहकांच्या बाबतीत १९७३ च्या कायद्याने बंद झाली. म्हणजे हक्क कागदावर येणे आणि तो हाती येणे यांत ८० वर्षे गेली. भारतातील १९३० चा माल विक्री कायदा या १८९३ च्या ब्रिटिश कायद्याच्याच धर्तीवर झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दोन स्त्रिया, दोन निर्णय :

ग्राहक हक्कांना निर्णायक वळण देणारे दोन खटले दोन सामान्य स्त्रियांनी लढविले. कार्बोलिक स्मोक बॉल या औषधी साधनाच्या उत्पादकाने १८९१ मध्ये जाहिरात दिली, की सूचनेप्रमाणे साधन वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास १०० पौंड दिले जातील आणि त्यासाठी १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. लुइझा कार्लिल यांना साधन वापरूनही हा आजार झाला. जाहिरात ही केवळ अतिशयोक्ती होती, असा बचाव कंपनीने केला. १८९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. बँकेतील रक्कम ही प्रामाणिक हेतूची खूण मानून, असे जाहीर वचन बंधनकारक असल्याचे न्यायालयाने ठरविले.

दुसरा खटला स्कॉटलंडमधील आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये पेझ्ली येथील उपाहारगृहात मे डॉनह्यू यांच्यासाठी मैत्रिणीने जिंजर बिअर विकत घेतली. अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली व आपण आजारी पडलो, असा त्यांचा दावा होता. पेय मैत्रिणीने घेतल्यामुळे त्यांचा कोणाशीच करार नव्हता. शिवाय बाटलीत उंदीर सापडल्याचे तशाच स्वरूपाचे दावे स्कॉटिश न्यायालयाने नुकतेच फेटाळले होते. डॉनह्यू गरीब होत्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांना निष्कांचन पक्षकार म्हणून अपील चालविण्यास मुभा दिली आणि खर्चापोटी तारण भरण्यातून सूट मिळाली. २६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय त्यांच्या बाजूने लागला. आपल्या कृतीमुळे ज्याला इजा होऊ शकेल अशा 'शेजाऱ्या'विषयी काळजी घेणे हे कायदेशीर कर्तव्य होय, असे लॉर्ड ॲटकिन यांनी मांडले. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. त्यामुळे बाटलीत गोगलगाय होती की नाही, हे कधीच सिद्ध झाले नाही. उत्पादकाची ग्राहकाप्रती असलेली जबाबदारी मात्र प्रस्थापित झाली. तारणाची सूट मिळाली नसती तर हे तत्त्व त्या वेळी प्रस्थापित झालेच नसते.

युद्धोत्तर काळ :

१९४९ च्या कायद्याने गरजूंना सरकारी खर्चाने विधी साहाय्य मिळू लागले. १९५७ मध्ये मायकेल यंग यांच्या पुढाकाराने ग्राहक संघटना व तिचे 'विच?' हे नियतकालिक सुरू झाले. १९६८ चा व्यापारी वर्णन कायदा, १९७७ चा अन्याय्य करार अटींविषयीचा कायदा व १९८७ चा ग्राहक संरक्षण कायदा हे पुढील टप्पे होत. १९९८ चा मानवी हक्क कायदा २ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यामुळे युरोपीय करारातील हक्कांसाठी ब्रिटिश न्यायालयांतच दाद मागता येऊ लागली.

१ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल समाधानकारक दर्जाचा, हेतूस योग्य व वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. सदोष माल सर्वसाधारणपणे ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे घेता येतात. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागता येते. हा दावा विक्रेत्याविरुद्ध असतो. 'उत्पादकाकडे जा' असे सांगून विक्रेत्याला तो टाळता येत नाही. डिजिटल सामग्रीचाही या कायद्यात समावेश आहे.

दार अरुंद होते तेव्हा :

हा प्रवास सरळ चढता नाही. २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून दिवाणी विधी साहाय्यात मोठी कपात झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये रोजगार न्यायाधिकरणांत शुल्क सुरू झाले. काही दाव्यांसाठी ते एकूण १२०० पौंडांपर्यंत होते. दाव्यांची संख्या झपाट्याने घटली. युनिसन या कामगार संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये हे शुल्क बेकायदा ठरविले. न्याय मिळविणे ही केवळ दावेदाराला पुरविलेली सेवा नसून त्यात संपूर्ण समाजाचे हित आहे, अशी लॉर्ड रीड यांची भूमिका होती. या निकालपत्रात मॅग्ना कार्टाच्या न्याय न विकण्याच्या वचनाचा आणि डॉनह्यू यांच्या खटल्याचाही दाखला आहे. आठ शतकांपूर्वीची सनद व जिंजर बिअरची बाटली एकाच युक्तिवादात येणे, हा योगायोग नव्हे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की ब्रिटनमध्ये नागरिक व ग्राहक यांचे हक्क परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. संसदेने हक्क शब्दबद्ध केले. त्यांना अर्थ दिला तो न्यायालयात उभे राहण्याचे धाडस केलेल्या सामान्य माणसांनी. ते धाडस शक्य होण्यासाठी शुल्कातील सवलत, विधी साहाय्य व संघटनेचे पाठबळ आवश्यक होते. म्हणून हक्कांचा इतिहास शिकविताना कोणता कायदा केव्हा झाला, एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. तो कायदा कोणाला परवडला, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे तितकेच आवश्यक आहे.