हैदराबादच्या नावाची विमाने

आमच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत पणजोबांच्या नावाच्या शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. लिपी उर्दू, रक्कम हाली सिक्क्यात. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. या पावत्या वाचण्यासाठी मी पन्नाशीत उर्दू शिकलो, आणि त्या काळचा राज्याचा पैसा कुठे कुठे गेला हे शोधता शोधता पोहोचलो थेट जर्मनीच्या किनाऱ्यावर.

ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, १५ ब्लेनहाइम विमाने विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन आरमारावर निघाली. त्यांतली पाच ‘११० (हैदराबाद) स्क्वाड्रन’ची होती. एका विमानात तिघेच: वैमानिक, दिशादर्शक आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा तोफची. म्होरक्या होता केनेथ डोरन. ढग इतके खाली आले होते की विमाने जवळजवळ डोलकाठीच्या उंचीवरून गेली. ‘अ‍ॅडमिरल शेअर’ या युद्धनौकेवर खलाशांचे कपडे वाळत घातलेले दिसले, असे डोरनने नंतर सांगितले. बॉम्ब नेमके नौकेवर पडले. पण फुटले नाहीत, काही तर चिलखती डेकवरून उसळून पाण्यात गेले. नुकसान किरकोळ. परतताना हिशेब मात्र किरकोळ नव्हता. पाच विमाने गेली. १०७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पाचांपैकी चार, हैदराबादचे एक. एक विमान ‘एमडेन’ या क्रूझरवर कोसळले. हैदराबादच्या न परतलेल्या वैमानिकाचे आडनावही एमडेनच! डोरनला शौर्यपदक मिळाले.

आता हे नाव आले कुठून? १९१८ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी या स्क्वाड्रनच्या डीएच-९ए बॉम्बफेकी विमानांचा खर्च उचलला. विमानांवर ‘हैदराबाद’ आणि क्रमांक रंगवलेला असे. त्यांतले ‘हैदराबाद १२ ए’ ५ ऑक्टोबर १९१८ च्या मोहिमेत जर्मनांच्या हाती लागले, दोघेही वैमानिक कैद झाले. विमान मात्र जगले. बर्लिनच्या संग्रहालयातून ते पोलंडला गेले, १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात इंग्लंडला परतले. आज ते लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे.

दान निजामाचे म्हणून नोंदले गेले. आमच्या पणजोबांचा रुपया त्यात होता असे मी म्हणणार नाही. रुपयावर कुणाचे नाव नसते. पण निजामाच्या खजिन्याचा मोठा आधार शेतसाराच होता. आणि ‘१२ ए’ उडत होते त्या वर्षी दख्खनवर पाऊस रुसला होता, वर मानमोडीची साथ. घरेच्या घरे ओस पडली.

ट्रंकेतली सर्वांत जुनी पावती १३२८ फसलीची आहे, म्हणजे ऑक्टोबर १९१८ पासून सुरू झालेल्या वर्षाची. सारा पूर्ण भरल्याची.