चांदा मुलखातील शेळ्यांची ने-आण : पायवाटेपासून पिकअपपर्यंत

चंद्रपूर व गडचिरोली हे आजचे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि जुन्या दप्तरांत त्या जिल्ह्याचे नाव चांदा असे आढळते. या मुलखाच्या इतिहासाचा विचार करताना गोंड राजे, सागवान आणि कोळसा यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहजच वळते; शेळीकडे ते वळत नाही. वस्तुतः भूमिहीन कुटुंबाजवळ अडीअडचणीस विकता येईल असे जे धन असते, ते बहुधा शेळीच्याच रूपाने असते. ते बाजारापर्यंत जिवंत पोचते की नाही, हा प्रश्न त्या कुटुंबापुरता तरी राजवंशांच्या उदयास्ताहून लहान नव्हे.

मोटार येण्यापूर्वी खांड पायी हाकत नेणे हाच सर्वसाधारण मार्ग होता. चालण्याने जनावराचे वजन घटे, वाटेत वाघ-बिबट्यांचे भय असे, आणि पावसाळ्यात वैनगंगा व तिच्या उपनद्या आडव्या येत. परंतु शेळी मोकळा श्वास घेई आणि वाटेवरचा पाला ओरबाडीत पुढे जाई. १८७८ च्या वन-कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. कोवळी रोपे खाणारी म्हणून शेळीवर वनाधिकाऱ्यांचा विशेष रोष असे. त्यामुळे जुन्या वाटा हळूहळू आखडत गेल्या. रेल्वेने ही उणीव भरून काढली असे म्हणवत नाही. वर्धा-वरोरा फाटा कोळशासाठी आला, आणि गोंदिया-नागभीड-चांदा ही अरुंदमापी विसाव्या शतकाच्या आरंभी. परंतु आजच्या गडचिरोली जिल्ह्याची केवळ उत्तरेकडची कड वडसा येथे रुळांस लागली. वैनगंगेपलीकडच्या विस्तीर्ण अरण्यास पाय, बंडी आणि पुढे मोटार एवढाच आधार राहिला.

जनावरास वेदना होतील अशा रीतीने बांधणे अथवा वाहून नेणे हा १८९० च्या अधिनियमानेच अपराध ठरविला होता. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत घेतलेल्या पुढाकारानंतर १९६० चा नवा अधिनियम झाला आणि त्याखाली १९७८ मध्ये वाहतुकीचे नियम आले. त्यांतील तपशील पाहता, ते करणाऱ्यांस शेळीची प्रकृती नीट ठाऊक होती असे वाटते. तळाशी निदान ५ सेंटिमीटर जाडीचा तणसाचा थर असावा. नर व मादी एकत्र कोंबू नयेत. पाय जखडू नयेत. पशुवैद्याचा दाखला बरोबर असावा. पाय बांधण्याच्या बंदीमागे केवळ भूतदया नाही. रवंथ करणारे जनावर कुशीवर पडून राहिले म्हणजे पोटातील वायू ढेकरावाटे बाहेर पडत नाही, पोट फुगते आणि ते गुदमरून मरते. दाखल्याचे मोल पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीने सिद्ध केले. भारतात तिचे निदान १९८७ मध्ये तामिळनाडूत प्रथम झाले आणि पुढे ती देशभर पसरली. बाजारातून बाजारात जाणारे एक रोगी जनावर पुष्कळ गावांचे कळप बाधित करू शकते.

याच नियमांत साडेचार वा पाच टनी मालमोटारीत चाळिसांहून अधिक शेळ्या-मेंढ्या नेऊ नयेत असे सांगितले आहे; परंतु खेड्यापाड्यांत आज दिसते ती पिकअप. तिच्यासाठी नियमांतील क्षेत्रफळाच्या कोष्टकाकडे वळावे लागते. हौदा अडीच मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४.४ चौरस मीटर होते. २५ ते ३० किलो वजनाच्या शेळीस १९७८ च्या कोष्टकाप्रमाणे ०.२३ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकोणीस शेळ्या मावतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे माप ०.३ चौरस मीटर केले. त्या हिशेबाने चौदाच. पाच शेळ्यांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु भाडे खेपेचे असते, नगाचे नव्हे. म्हणून प्रत्येक जादा शेळीमागे दर शेळीचे भाडे उतरते, आणि हौदा भरत जातो. नियमभंगाचे कारण प्रायः क्रौर्य नसून हे गणित असते, असे आमचे मत आहे.

हे गणित फसते ते वळणावर. ब्रेक लागताच सारी खांड एका कोपऱ्यात ढकलली जाते, मूत्राने ओल्या झालेल्या लोखंडी पत्र्यावर खूर घसरतात, आणि खाली पडलेली शेळी इतरांच्या भाराखाली चेंगरते. मोठ्या वाहनात दर दोन-तीन मीटरांवर आडवी फळी घालण्याचा नियम यासाठीच आहे. लहान हौद्यातही मध्ये एक फळी टाकली व खाली तणस पसरले, तर पुष्कळ हानी टळते. भाताच्या या मुलखात तणसाला तोटा नाही.

उरतो तो उन्हाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढल्याची उदाहरणे आहेत, आणि उभ्या वाहनाचा पत्रा त्याहून तापतो. पायी नेण्याविषयीच्या २००१ च्या नियमांनी सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर जनावरे हाकण्यास मनाई केली. अर्थात मे महिन्यात गुराख्यास जी वेळ सोयीची, तीच वर्ज्य ठरली. गाडीत शेळ्या चढवणाऱ्यास मात्र पहाटेच्या गारव्यात निघून ऊन चढण्यापूर्वी बाजार गाठता येतो.