अंत्रुजातील देवळांच्या तळ्या

गोमंतकातील देवालयांचा इतिहास लिहिताना बहुधा मूर्तींचे स्थलांतर, सभामंडप, दीपस्तंभ व पालखी यांचेच वर्णन होते. तळीकडे लक्ष जाते ते पाय धुण्यापुरते. वास्तविक अंत्रुज महालात देव कोठे व कसे स्थिरावले हे उमजण्यासाठी प्रथम तळीच पाहावी लागते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील सासष्टीत देवालये मोडू लागली, तेव्हा महाजनांनी मूर्ती उचलून जुवारी नदी ओलांडली. इ. स. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला. त्याच काळात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. फोंडे तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होते. फोंड्याची साफा मशीदही १५६० चीच मानली जाते, आणि तिच्या बाजूसही जांभ्या चिऱ्यांत बांधलेली, पायऱ्यांची व कमानदार कोनाड्यांची तळी आहे. धर्म भिन्न असला तरी भूमी एक, पाषाण एक आणि पाण्याची गरजही एकच होती.

मूर्ती पालखीतून नेता आली. पाणी नेता आले नाही. कदंबांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटीश्वर दिवाडी बेटावरून नदीपार डिचोलीतील नार्वे येथे गेले. तेथील देवालयाचा १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला. परंतु कोटितीर्थाची तळी दिवाडीवरच राहिली. परागंदा देवाला नवे घर द्यावयाचे म्हणजे नवे पाणी शोधणे ओघानेच आले.

ते पाणी डोंगरपायथ्याशी सापडले. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. माथ्यावरचा सच्छिद्र जांभा हे पाणी पोटात घेतो. खालच्या चिकणमातीच्या थरावर ते अडते आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. झाडीने झाकलेली दरी देवाच्या गुप्ततेस उपयोगी पडली आणि झर त्याच्या अभिषेकास. मंगेशीची तळी आजच्या देवालयाच्या वास्तूहून जुनी मानतात. बांदिवड्याचा नागेश तर स्थलांतरित नव्हे, मूळचाच. त्याच्या प्रांगणात इ. स. १४१३ चा शिलालेख आहे, आणि माडांच्या छायेतील त्याची तळी झरीच्या पाण्यावर भरते.

या तळ्यांची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. जमीन जांभ्यातून पाणी लागेपर्यंत खोदावयाची, घडीव चिऱ्यांच्या भिंती टप्प्याटप्प्याने आत घेत उतरवावयाच्या, पायऱ्या थेट तळापर्यंत न्यावयाच्या, म्हणजे वैशाखातही पाण्याला हात पोचतो. भिंतींतील कोनाडे उत्सवाच्या रात्री पणत्यांसाठी. तळ मात्र पक्का बांधून बंद करावयाचा नाही, कारण झरीचे डोळे तेथेच असतात. वाढलेले पाणी मोरीतून पाटाने कुळागरांत जाई आणि माड-पोफळींस मिळे. वापरालाही क्रम होता : देवकार्याचे व पिण्याचे पाणी झरीच्या तोंडाशी किंवा विहिरीतून घ्यावे, स्नान तळीत, शिंपण त्यानंतर. तळीतले मासे कोणी धरीत नसत. डासांची अंडी-अळ्या तेच खात.

राखण ही महाजनांचीच जबाबदारी होती. पावसापूर्वी पाणी उतरले की गाळ उपसावयाचा, भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपटी मुळासकट काढावयाची, आणि तोच गाळ खत म्हणून झाडांच्या बुंध्याशी घालावयाचा. १८८६ व १९३३ च्या मझानींच्या रेग्युलामेंतांनी देवस्थानांचा कारभार अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार यांच्या समितीकडे सोपवला, आणि तळीची डागडुजीही अंदाजपत्रकाच्या कलमांत बसवावी लागली. पुढे १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमीन मिळाली. कुळांच्या दृष्टीने ते न्याय्यच झाले. पण ज्या उत्पन्नातून देवस्थानांची अशी कामे होत, ते आटले. त्यातच घरोघर नळ आले आणि तळीवर रोज उतरणारी पावलेही थांबली. जेथे रोजचा वावर नाही, तेथे गाळ साचल्याचे कोणास कळावे?

आज देणगीदार कळसासाठी व फरशीसाठी मिळतात, गाळासाठी क्वचितच. सौंदर्याच्या हौसेने तळास काँक्रीट घातले की झरीचा डोळा मिटतो. माथ्यावरचा जांभा खणून काढला किंवा बांधकामांनी झाकला, तर पायथ्याच्या तळीत उतरावयास पाणीच उरत नाही. मग पायऱ्या कितीही घासल्या तरी व्यर्थ. म्हणून तळीची राखण देवळाच्या आवारात संपत नाही, ती डोंगरमाथ्यापासून सुरू होते.

पूर्वजांनी देव वाचवले ते एका रात्रीच्या धैर्याने. पाणी वाचवले ते पिढ्यान्‌पिढ्या दर वैशाखात हाती कुदळ व टोपली घेऊन. पहिल्या कार्याचे स्मरण प्रत्येक जत्रेत होते. दुसऱ्याचे स्मरण करावयाचे तर भाषण पुरेसे नाही. पावसापूर्वी एकदा तळीत उतरावे लागते.